परक्या घराची किल्ली

जयगडच्या खाडीकांठीं राहणाऱ्या एका एकत्र कुटुंबाचें पत्र गेल्या महिन्यांत या सदराकडे आलें. तीन भाऊ, त्यांचीं बायकामुलें आणि ऐशीं उलटलेली आजी असें तें भरलें घर. मधल्या भावाची कन्या पतीसह हॉलंडांत नोकरीस आहे आणि तिचे दिवस येत्या वैशाखांत भरतात. पहिलें बाळंतपण, तेव्हां माहेरचें माणूस जवळ असावें हें ओघानेंच आलें. आई व थोरली काकू यांनीं दोन महिने तिच्यापाशीं जाऊन राहावें असें घरीं ठरलें. परंतु मुलीचें बिऱ्हाड दोन खोल्यांचें, आणि दोन महिने हॉटेलांत राहण्याचा खर्च मध्यम स्थितीच्या घरास झेपणारा नव्हे.

तेव्हां मुंबईस असणाऱ्या पुतण्यानें एक तोड काढली. गृहविनिमय करणाऱ्या एका परदेशी संस्थेचा तो सभासद झाला, जयगडच्या घराची माहिती व छायाचित्रें त्या संस्थेच्या यादींत घातलीं, आणि मुलीच्या गांवांतील चौदा घरांना विनंतीपत्रें धाडलीं. नऊ घरांकडून गोड शब्दांत नकार आला. पांच घरांनीं उत्तरच दिलें नाहीं. थोरले बंधु विचारतात, “आमच्या घरांत काय उणें आहे? कीं आमचें नांवच त्या लोकांस परकें वाटतें?” सोबत त्यांनीं पाठविलेल्या विनंतीची एक प्रतही जोडली आहे, हें फार चांगलें केलें, कारण प्रश्नाचें अर्धें उत्तर त्या प्रतींतच आहे. तिच्याकडे मी थोड्या वेळानें वळेन.

हा गृहविनिमय म्हणजे काय, हें प्रथम सांगावयास हवें. दोन कुटुंबांनीं कांहीं दिवसांपुरतीं एकमेकांचीं घरें वापरावयाचीं, भाडें कोणीं कोणास द्यावयाचें नाहीं, इतकाच त्याचा गाभा आहे. युरोपांत ही चाल १९५३ सालीं शिक्षकांनीं संघटितपणें सुरू केली. ‘इंटरव्हॅक’ ही संस्था त्यांचीच. सुटी लांब आणि पगार बेताचा, या दोहोंचा मेळ घालण्याची युक्ति शिक्षकांनाच सुचावी, हें माझ्यासारख्या जुन्या मास्तरास सहज पटतें. त्या काळीं घरांच्या छापील याद्या सभासदांकडे जात आणि पुढील सर्व व्यवहार टपालानें होई. १९९२ सालीं एड कुशिन्स यांनीं अमेरिकेंत ‘होमएक्सचेंज’ ही संस्था काढली. पुढें इंटरनेटवर तिचा विस्तार झाला. २०१७ सालीं ‘गेस्टटुगेस्ट’ या फ्रेंच संस्थेनें ती आपल्याकडे घेतली, आणि दोहोंची मिळून आज एकच संस्था झाली आहे.

या फ्रेंच संस्थेनें एक महत्त्वाचा फरक केला. पूर्वीं दोन्ही कुटुंबांनीं बहुधा एकाच वेळीं घरें बदलावयाचीं असत. आतां तसें बंधन नाहीं. आपण एखाद्या सभासदास घरीं ठेवून घेतलें म्हणजे आपल्या नांवें कांहीं ‘पॉइंट’ जमा होतात, आणि ते खर्चून आपण तिसऱ्याच सभासदाच्या घरीं उतरूं शकतों. म्हणजे ज्याच्या घरीं आपण जाऊं त्यानें आपल्याकडे आलेंच पाहिजे असें नाहीं. खेड्यांत पूर्वीं पेरणीच्या दिवसांत एकमेकांकडे फेडीनें काम करीत. आज मीं तुझ्या शेतांत राबलों तर उद्यां तूं माझ्या. येथें ती फेड सबंध गांवाच्या वहींत मांडली जाते, एवढाच भेद. हा भेद आपल्या जयगडकरांच्या पुढें उपयोगीं पडणार आहे.

आतां नकारांचा विचार करूं. ज्यांनीं नकार दिला त्यांच्यावर रागावण्यापूर्वीं जरा उलट चित्र डोळ्यांपुढें आणावें. ब्राझील देशांतील एखाद्या कधीं न ऐकलेल्या गांवाहून पत्र आलें: ‘आम्ही चौघे मे महिन्यांत दोन महिने तुमच्या घरीं राहूं इच्छितों. आमचें घर समुद्राजवळ असून फार सुंदर आहे.’ तर आपल्यापैकीं किती घरांतून त्यास होकार जाईल? आजी म्हणेल, ‘कोण, कुठले, काय!’ काकू म्हणतील, ‘माझ्या स्वयंपाकघराचें काय?’ आणि थोरले बंधु तें पत्र बाजूस ठेवतील. हॉलंडांतील घरांतही आजी आहे, काकू आहे आणि थोरले बंधुही आहेत; त्यांनीं केलें तें आपणही केलें असतें. त्यांत वंशाचा वा वर्णाचा तिरस्कार कधींच नसतो असें मी म्हणत नाहीं. परंतु जेथें साध्या कारणानें उलगडा होतो तेथें कडू कारण शोधूं नये.

संस्कृतांत ‘विश्वास’ हा शब्द ‘श्वस्’ या धातूपासून आला आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणें. ज्याच्या सन्निध छातीवरचें दडपण जाऊन मोकळा श्वास घेतां येतो, त्याच्या ठायीं विश्वास. धर्मशास्त्रकारांनीं वादाचीं जीं अठरा स्थानें गणलीं त्यांत ‘निक्षेप’ हें एक आहे; निक्षेप म्हणजे दुसऱ्याच्या हवालीं केलेली ठेव. ज्या अर्थीं त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावें लागलें, त्या अर्थीं ठेव देणाऱ्याच्या पोटांत तेव्हांही गोळा उठत असला पाहिजे. घर ही तर ठेवींतली ठेव. तेव्हां नव्या सभासदानें पत्र लिहितांना ‘माझें घर किती चांगलें’ हें सिद्ध करावयाचें नसून, वाचणाऱ्याचा श्वास मोकळा व्हावा एवढेंच साधावयाचें असतें.

हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाहीं. माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत कोंकणांतील कितीतरी गरीब मुलें पुण्यास वार लावून जेवलीं आणि शिकलीं. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, अशी सात घरांची मोट बांधावी लागे. त्यांतला पहिला वार मिळणें सर्वांत कठीण. मुलगा कसा आहे, पानांत टाकतो कीं काय, वेळेवर येतो कीं नाहीं, हें कोणासच ठाऊक नसे. परंतु एका घरीं महिना नीट गेला म्हणजे तेथील गृहिणीच शेजारणीस सांगे, ‘मुलगा चांगला आहे हो, तुम्हीही एक वार द्या.’ मग उरलेले सहा वार आठवड्याभरांत लागत. आजच्या संस्थेंत प्रत्येक सभासदाच्या नांवाखालीं पूर्वींच्या यजमानांचे व पाहुण्यांचे अभिप्राय असतात. ते म्हणजे त्या गृहिणीचा शब्द. नव्या सभासदाचें तें पान कोरें असतें, आणि कोऱ्या पानाकडे पाहून कोणी किल्ली देत नाहीं. पहिला वार कसा मिळवावा, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर मला एका मराठी मुलीच्या चरित्रांत सांपडतें. आनंदीबाई जोशी यांचें नांव ठाऊक नाहीं असें घर आपल्या वाचकांत नसेल. पण त्यांच्या चरित्राचा हा भाग आपण त्यांच्या वैद्यकीय पदवीच्या तेजांत बहुधा पाहत नाहीं. १८७८ सालीं त्यांचे पति गोपाळराव यांनीं कोल्हापुराहून वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून, पत्नीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेंत कांहीं सोय होईल काय, अशी विचारणा केली. वाइल्डर यांचें उत्तर धर्मांतराच्या अटीकडे वळणारें होतें. तो दरवाजा तेथेंच मिटला. परंतु त्यांनीं तो पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ या नियतकालिकांत छापला. १८८० सालीं न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल या गांवच्या थिओडीशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तो जुना अंक त्यांच्या हातीं पडला. समुद्रापलीकडची एक मुलगी शिकूं पाहते आणि तिचा पति तिच्या पाठीशीं उभा आहे, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली, आणि त्यांनीं आनंदीबाईंस पत्र घातलें.

पुढें सुमारें तीन वर्षें दोघींचीं पत्रें चाललीं. त्या पत्रांत आपल्याकडील चालीरीती होत्या, लग्नें होतीं, स्वतःच्या प्रकृतीच्या तक्रारी होत्या. कलकत्त्यास असतां आनंदीबाईंची प्रकृति ढासळली तेव्हां कार्पेंटरबाईंनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं. एकमेकींस त्या मावशी व भाची म्हणूं लागल्या. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथें व्याख्यान देऊन आनंदीबाईंनीं, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें जाहीर सांगितलें. एप्रिलमध्यें त्यांनीं कलकत्ता सोडलें, आणि जूनमध्यें न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या तेव्हां त्यांना घेण्यास कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. आनंदीबाईंचें वय अठरा वर्षांचें. अंगावर साडी, आहार शाकाहार, आणि बरोबर पति नाहीं. अशा मुलीस रोझेलच्या त्या घरानें आपलीशी करून घेतलें.

हें कशानें घडलें? गोपाळरावांचें पत्र संस्थेस उद्देशून होतें. त्याला संस्थेचें उत्तर आलें. आनंदीबाईंचीं पत्रें एका घरांतून दुसऱ्या घरास गेलीं. त्यांना घराचें उत्तर आलें. त्यांनीं आपली थोरवी लिहिली नाहीं. आपलें जिणें लिहिलें. धर्म लपविला नाहीं, आहार लपविला नाहीं, आजार लपविला नाहीं. कार्पेंटरबाईंच्या दारांत १८८३ च्या जूनमध्यें जी मुलगी उभी राहिली ती त्यांना परकी राहिलीच नव्हती. १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास आनंदीबाईंचें निधन झालें, तेव्हां त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि त्यांनीं ती पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविली. पत्रांनीं उघडलेलें घर इतका काळ उघडें राहिलें.

आतां जयगडच्या त्या विनंतीपत्राच्या प्रतीकडे येतों. त्यांत समुद्र आहे, किल्ला आहे, आंबे आहेत, ‘भव्य’ व ‘पारंपरिक’ हीं विशेषणें तीन ठिकाणीं आहेत. जाण्याचें कारण म्हणून ‘पर्यटन’ एवढाच शब्द आहे. मुलीचा उल्लेख नाहीं. बाळंतपणाचा नाहींच नाहीं. आणि तेंच पत्र, नांवें बदलून, चौदाही घरांना गेलें आहे.

घरांतील बाईमाणसाची गोष्ट परक्यास कशास सांगावी, या संकोचानें हें झालें, असें थोरल्या बंधूंनीं आपल्या पत्रांत सूचित केलें आहे. हा संकोच कुलीन आहे. मी त्यास हंसत नाहीं. परंतु येथें त्यानें घात केला. हॉलंडांतील गृहस्थास हें पत्र वाचून काय वाटलें असेल पाहा. दोन अनोळखी बायका दोन महिने एका लहान गांवांत पर्यटन करणार! हें त्याच्या बुद्धीस पटणार कसें? खरें कारण मात्र असें आहे कीं, तें जगांतील कोणत्याही घराच्या माजघरांत वाचलें तरी तेथील वडील बाई मान वर करून ऐकेल. लेकीचें पहिलें बाळंतपण ही गोष्ट कोणत्याच भाषेंत परकी नाहीं. शिवाय मुलगी व जांवई त्याच गांवांत राहतात, ही या कुटुंबाची सर्वांत मोठी पुंजी आहे. ज्यांच्याविषयीं कोणाचाच अभिप्राय नाहीं अशा सभासदाच्या वतीनें कोणी समक्ष येऊन ओटीवर बसूं शकत असेल, तर त्याहून मोठा अभिप्राय कोणता?

दुसरी गोष्ट काळाची. दोन महिने घर रिकामें टाकून कोणी जात नाहीं. आपणही जात नाहीं. हॉलंडांत शाळांना एप्रिलच्या अखेरीस व मेच्या आरंभीं एक-दोन आठवड्यांची सुटी असते; उन्हाळ्याची सुटी सहा आठवड्यांची, आणि ती देशाच्या तीन विभागांत वेगवेगळ्या तारखांना सुरू होते. आपण साठ दिवस मागतों तेव्हां आपल्या सोयीचा आंकडा मागतों; त्यांच्या पंचांगांत तो बसत नाहीं. म्हणून मे महिन्याच्या सुटींतले दोन आठवडेच मागावे, आणि तेही ज्यांनीं आपल्या माहितींत त्या सुटींत बाहेर जाण्याचें लिहिलें आहे त्यांच्याकडेच. उरलेल्या दिवसांसाठीं दुसरें घर पाहावें, किंवा एका जावेनें मुलीच्या बिऱ्हाडीं राहून दुसरीनें परत यावें. तेथें प्रसूतीनंतर सुमारें आठवडाभर शिकलेली सेविका घरीं येऊन बाळ-बाळंतिणीचें पाहते. तेव्हां माहेरच्या माणसाची निकड त्यापुढील आठवड्यांत अधिक भासेल, हेंही तारखा ठरवितांना ध्यानांत असावें. चौदा पत्रें सारखीं पाठविण्यापेक्षां चार पत्रें चार घरें नीट वाचून लिहिलेलीं बरीं.

तिसरी गोष्ट स्वतःच्या घराच्या वर्णनाची. नव्या सभासदानें एखादें वाक्य फुगवून लिहिलें आणि वाचणाऱ्यास तें कळलें, तर बाकीचें खरेंही खोटें ठरतें. जयगड हें शास्त्री नदीच्या खाडीच्या मुखावरील गांव आहे. रत्नागिरी स्टेशनावरून मोटारीनें यावें लागतें. किल्ला व दीपगृह जवळ आहेत. फेरीबोटीनें खाडी ओलांडली कीं पलीकडे गुहागर तालुक्यांतील तवसाळ आहे. गणपतीपुळें व केशवसुतांचें मालगुंड मोटारीच्या सोयीच्या अंतरावर आहे. हें लिहावें. त्याबरोबर जवळच मोठें बंदर व औष्णिक वीजकेंद्र आहे, हेंही लिहावें. पावसाळ्यांत वीज जाते, न्हाणीघर माडीपासून आठ पायऱ्या खालीं आहे, परसांत साप निघूं शकतो, हें लिहावें. छायाचित्रें समुद्राचीं दोन पुरेत; बिछाना, न्हाणीघर, चूल आणि जिना यांचीं अधिक असावीं. पाहुणा समुद्रांत निजत नाहीं.

आणि घर रिकामें करून देण्याची प्रतिज्ञा करूं नये. एकत्र कुटुंबाचें घर कधींच रिकामें होत नाहीं, व देवापुढचा दिवा कोणीतरी लावावाच लागतो. या कुटुंबाच्या घरास बाहेरून स्वतंत्र जिन्याची माडी आहे असें त्यांच्याच माहितीवरून दिसतें. तर सरळ लिहावें, कीं खालीं आम्ही राहतों, माडी आपली. पुष्कळ परदेशी पाहुण्यांस भरल्या घराच्या शेजारीं राहणें रिकाम्या बंगल्याहून अधिक आवडतें. ज्यांना आवडत नसेल ते विनंती मान्य करणार नाहींत, आणि दोघांचाही त्रास वांचेल.

वरील सर्व ध्यानांत घेऊन मीं पुढील मसुदा त्या कुटुंबास पाठविला आहे. मूळ पत्र अर्थातच इंग्रजींत जाईल.

‘सप्रेम नमस्कार. आम्ही दोघी जावा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील जयगड या गांवीं एकत्र कुटुंबांत राहतों. आमची मुलगी व जांवई आपल्याच गांवांत राहतात, आणि मे महिन्यांत मुलीस पहिलें मूल व्हावयाचें आहे. मे महिन्याच्या सुटींत आपण बाहेरगांवीं असतां, असें आपण लिहिलें आहे. त्या दोन आठवड्यांत आपल्या घरीं राहावयास मिळेल काय, हें विचारण्यासाठीं हें पत्र. या संस्थेंत आम्ही नवीन आहों. आमच्याविषयीं लिहिणारें अद्याप कोणी नाहीं. म्हणून आपली अनुज्ञा असल्यास मुलगी व जांवई आपणांस समक्ष येऊन भेटतील. आपल्या मांजरास सकाळ-संध्याकाळ खाणें घालावें लागतें असें वाचलें. आमच्या घरीं दोन मांजरें आहेत, त्यांच्या वेळा आम्हांस पाठ आहेत. आम्ही शाकाहारी असून स्वयंपाक स्वतः करतों. फोडणीचा वास घरांत राहणार नाहीं अशी काळजी घेऊं. बाळ कोणत्याही दिवशीं येवो, आपण सांगाल त्या दिवशीं घर झाडून किल्ली परत करूं. आपण त्याच वेळीं आमच्याकडे आलें पाहिजे असें नाहीं. मेमध्यें येथें उकाडा असतो व जूनपासून पाऊस. डिसेंबर-जानेवारी हे येथील उत्तम दिवस. तेव्हां आमची माडी आपली आहे. जमण्यासारखें नसल्यास तसें मोकळ्या मनानें कळवावें.’

किल्ली परत करण्याच्या दिवसाविषयींचें वाक्य वाचकांस कदाचित् रुक्ष वाटेल. पण घर देणाऱ्याची खरी भीति मोडतोडीची नसते; पाहुणा हलणारच नाहीं, ही असते. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण आपल्याच मंडळींनीं आपल्यावर करून ठेविली आहे, आणि बाळंतपणाचें निमित्त ऐकून ती शंका अधिकच बळावणार. ती आपणच आधीं ओळखून दूर करावी.

पत्र कितीही चांगलें असलें तरी कोरें पान भरल्याशिवाय राहूं नये. आनंदीबाईंना तीन वर्षें मिळालीं. या कुटुंबास पांच महिने आहेत. म्हणून हातांत असलेल्या दिवसांत पुण्या-मुंबईच्या एखाद्या सभासद कुटुंबास चार दिवस माडीवर बोलवावें. त्यांना कोंकण हवेंच असतें, आणि त्यांस जयगड कोठें आहे हें नकाशावर दाखवावें लागत नाहीं. त्यांच्या मुक्कामानें पॉइंट जमतील, आणि त्याहून मोलाचा असा पहिला अभिप्राय मिळेल. तोच पहिला वार. त्या पॉइंटांवर हॉलंडांतील घर मिळूं शकतें. त्या घरच्यांनीं जयगडास कधीं पाऊल टाकलें नाहीं तरी चालतें. ज्या नऊ घरांनीं नकार दिला त्यांनाही दोन ओळींचें आभारपत्र जावें. नकारास आभार मानणारा सभासद विरळा. तो लक्षांत राहतो, आणि एखादें घर पुढें मोकळें झालें तर त्याची आठवण होते.

सरकारी बाजूही थोडक्यांत सांगतों. हॉलंड धरून शेंगेन देशांत अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधींपासून करतां येतो आणि निदान पंधरा दिवस आधीं करावा लागतो. त्याबरोबर राहण्याच्या सोयीचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्जांत जाण्याचें कारण मुलीची भेट हेंच लिहावें; विनंतीपत्रांत एक आणि अर्जांत दुसरें असें होऊं देऊं नये. व्हिसा हातीं येईपर्यंत येणें निश्चित नाहीं, हें यजमानास आरंभींच सांगावें. उलटपक्षीं परदेशी पाहुणा आपल्या घरीं उतरला तर त्याची नोंद २४ तासांच्या आंत विदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. ही जबाबदारी खासगी घरासही आहे. ती पाहुण्याच्या आगमनापूर्वींच पुतण्यानें समजून घ्यावी. पाहुणे ओटीवर आणि आपण कचेरीच्या दारांत, असें होऊं नये.

शेवटचा मुद्दा घरांतल्या घरांतला आहे, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. पुतण्यानें घर यादींत घातलें तें तीन भावांच्या संमतीनें. परंतु आजीस व सुनांस विचारलें होतें काय, हें पत्रांत कोठें नाहीं. घर पुरुषांच्या नांवावर असतें, पण परकें माणूस घरांत आलें म्हणजे कष्ट बायकांच्या वांट्यास येतात. आजीस विचारावें, ‘माडीवर परदेशी माणसें चार दिवस उतरलीं तर चालेल ना?’ तिची अडचण असेल तर ती ऐकून घेऊन, तेवढा नियम घराच्या माहितींत लिहावा: देवघराच्या आंत जाऊं नये; माडीवर मांस शिजवूं नये; स्वयंपाकघरांत येण्यापूर्वीं हांक मारावी. पाहुणा निघण्यापूर्वीं सांगितलेला नियम कोणास अपमान वाटत नाहीं; उंबरठ्यावर आल्यावर सांगितलेला वाटतो. रोझेलच्या घरास आपली अतिथि काय खाते व काय मानते हें आधीं ठाऊक होतें, म्हणून दोन्ही पक्षांस अवघडून जावें लागलें नाहीं.

‘अतिथि’ शब्दाची रूढ फोड ‘ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो’ अशी करतात. गृहविनिमयाच्या पाहुण्याची तिथि ठरलेली असते. येण्याचीही आणि जाण्याचीही. त्याला अतिथि म्हणतां येणार नाहीं, आणि भाडेकरूही म्हणतां येणार नाहीं. त्याच्यासाठीं नवें नांव आपणांस लागलीच सांपडलें नाहीं तरी बिघडत नाहीं. परंतु त्याच्या घराची किल्ली मागण्यापूर्वीं आपल्या घराची किल्ली कोणाच्या हातीं देण्यास आपण खरोखर सिद्ध आहों काय, हें त्या घरांतील नऊही माणसांनीं एका संध्याकाळीं ओटीवर बसून ठरवावें. आजी ‘हो’ म्हणाली कीं मग पहिलें पत्र टाकावें.